आधी बारा आठवडे व्यायाम, मग एमआरआय

चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूचा गुडघा दुखायला लागला की ठाणे-नवी मुंबईत त्याचा प्रवास साधारण एकाच वाटेने होतो. आधी दोन-तीन महिने दुखणं अंगावर काढायचं, नी कॅप चढवून खेळत राहायचं. मग एक दिवस सूज येते. डॉक्टर एमआरआय लिहून देतात, अहवालात ‘गादी’, म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधली चकती (मेनिस्कस), ‘फाटली आहे’ असं निघतं, आणि तिथून पुढे एकतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शनांचा कोर्स. या सगळ्या वाटेवर त्याच्या मांडीत किती ताकद उरली आहे, हे कोणी मोजत नाही. आमचं म्हणणं असं की ही वाट उलटी आहे. पहिले बारा आठवडे देखरेखीखालच्या व्यायामाचे असायला हवेत, आणि तो व्यायाम परवडेल अशा दरात, घराजवळ मिळण्याची सोय महापालिकांनी आणि विमा कंपन्यांनी करायला हवी.

हा प्रश्न मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही. पाम बीच रोडवर, येऊरच्या चढावर, पारसिक हिलवर पहाटे धावणारे, रात्री दहानंतर टर्फवर क्रिकेट खेळणारे, बॅडमिंटनची दुहेरी खेळणारे, पावसाळ्यात दर रविवारी गड चढणारे आणि तरुणपणी कबड्डीचं मैदान गाजवून आता मुलांना शिकवणारे, या सगळ्यांत चाळिशी-पन्नाशीची माणसं भरपूर आहेत. त्यांना मिळणारा सर्वांत सोपा सल्ला म्हणजे ‘आता खेळ बंद करा’. या सल्ल्याला आधार फार थोडा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के आढळली, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के, आणि व्यावसायिक स्पर्धकांमध्ये १३.३ टक्के. नुसत्या धावण्यामुळे गुडघा झिजतो असं यातून निघत नाही. झीज वाढवणारी कारणं वेगळी आहेत: जुनी दुखापत, वाढलेलं वजन, पायाचा बाक, कमकुवत मांडी आणि एकदम वाढवलेला भार. खेळ थांबवला की मांडी आणखी सुकते, वजन वाढतं, आणि सहा महिन्यांनी तोच गुडघा जिना उतरतानाही दुखायला लागतो.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ हे वाक्य दवाखान्यांतूनही ऐकू येतं. त्याने माणूस घाबरतो आणि हालचाल कमी करतो, म्हणून ते टाकून द्यायला हवं. झीज हा संपूर्ण सांध्याचा आजार आहे. हाडाच्या टोकावरची कूर्चा पातळ होते, तिच्याखालचं हाड घट्ट होतं, सांध्याचं अस्तर सुजतं, गादी ठिसूळ होते आणि आजूबाजूचे स्नायू अशक्त होतात. कूर्चेत स्वतःच्या नसाही नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. दुखतं ते हाड, अस्तर आणि आसपासचा भाग. कूर्चेला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होण्यासाठी दाब पडणं आणि सुटणं दोन्ही लागतं. म्हणून भार पूर्ण काढून घेतलेला गुडघा सुधारत नाही. भार योग्य मापात हवा, बस्स.

तपासणीची सुरुवात उभ्याने काढलेल्या एक्स-रेपासून व्हावी. इथेच बऱ्याचदा चूक होते. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट व्यवस्थित दिसते, कारण वजनच पडलेलं नसतं. तोच गुडघा उभं राहून, ४५ अंशांत वाकवून मागून पुढे काढला, तर आतल्या बाजूची फट निम्म्याने कमी झालेली दिसू शकते. वाटीच्या मागची झीज पाहायची तर गुडघा वाकवून वरून घेतलेली वेगळी फिल्म लागते. दोन्ही पायांचे हे तीन एक्स-रे काढले की पन्नाशीतल्या बहुतेक खेळाडूंचं निदान तिथेच होतं. चिठ्ठीवर ‘उभ्याने, वजन टाकून’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. एक्स-रेवरून ठरणाऱ्या झिजेच्या ग्रेडचा बाऊ मात्र करू नये. ० ते ४ अशी ही प्रतवारी १९५७ पासून चालत आली आहे. तिसऱ्या ग्रेडचा माणूस आरामात गड चढतो आणि पहिल्या ग्रेडच्याला खुर्चीतून उठवत नाही, अशी दोन्ही टोकं रोज पाहायला मिळतात.

आता एमआरआय. ठाणे-नवी मुंबईत तो सहज मिळतो, खर्च झेपणारे पुष्कळ आहेत, आणि ‘नीट सगळं बघून घेऊ’ या भावनेने तो काढला जातो. अडचण अशी की मध्यमवयीन गुडघ्याचा एमआरआय काढला आणि त्यात काहीच निघालं नाही, असं फार क्वचित होतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या लोकांचे असे एमआरआय काढले गेले आणि निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गादीला चीर होती त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणजे ती चीर वयाप्रमाणे आलेली असते, केस पिकावेत तशी. तिच्याकडे बोट दाखवून शस्त्रक्रिया करणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

हे नुसतं मत नाही. २००२ साली ह्यूस्टनमध्ये झीज झालेल्या १८० रुग्णांपैकी काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीने खरी सफाई केली, काहींच्या गुडघ्यावर फक्त चिरा दिल्या. दोन वर्षांनी फरक दिसला नाही. २०१३ साली फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांवर असाच प्रयोग झाला. त्यांना झीज नव्हती, फक्त गादीची जुनाट चीर होती. चीर कापून काढलेले आणि नाटकापुरती शस्त्रक्रिया झालेले, वर्षभराने सारखेच होते. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या गटाने झिजेमुळे दुखणाऱ्या जवळपास सगळ्याच रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली. तरीही ‘छोटीशी सफाई करून टाकू, तीन दिवसांत घरी’ हे वाक्य आजही ऐकू येतं. गादीचा तुकडा कापला की उरलेल्या कूर्चेवर भार वाढतो, हे त्या वाक्यात येत नाही.

अपवाद आहेत, आणि ते ओळखता येणं हीच डॉक्टरची कसोटी. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर गादीचा मोठा तुकडा मध्ये आलेला असू शकतो. पिरगळल्यावर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी. उकिडवं बसताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे एकदम ‘कट्’ झालं आणि त्या क्षणापासून टेकवत नाही, तर गादीचं मूळच सुटलेलं असू शकतं. हे दुखणं बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीनंतर दिसतं, गुडघा त्यानंतर झपाट्याने खराब होतो, आणि वेळेत कळलं तर ते मूळ शिवता येतं. चौथी गोष्ट कूर्चेखालच्या हाडाला गेलेला बारीक तडा. अचानक सुरू झालेलं, रात्रीही न थांबणारं दुखणं हे त्याचं लक्षण, आणि तिथे व्यायाम नव्हे, काही आठवडे कुबडी लागते. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. यांपैकी काहीही असेल तर बारा आठवडे थांबू नये, एमआरआय लगेच काढावा. आमचा आक्षेप सरसकट काढण्याला आहे.

इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. स्टेरॉइडच्या सुईने सुजलेला गुडघा काही आठवडे शांत होतो, आणि व्यायाम सुरू करता यावा म्हणून एखादी घेणं समजू शकतं. पण २०१७ च्या एका चाचणीत दर १२ आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दोन वर्षं दिलं, तेव्हा कूर्चा नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा जास्त झिजली आणि दुखणं मात्र तेवढंच राहिलं. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, सध्या खेळाडूंमध्ये सर्वांत लोकप्रिय. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं देऊन बघितली, २०२१ साली निकाल आला: बारा महिन्यांनी दुखण्यात आणि कूर्चेत मिठाच्या पाण्यापेक्षा ठळक फरक नाही. जेलच्या इंजेक्शनचा फायदा रुग्णाला जाणवण्याइतका नसतो. ‘स्टेम सेल’च्या नावाने लाखभर रुपये मागितले जात असतील तर उठून यावं. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर पेशींचे तीन प्रकार साध्या स्टेरॉइडशी ताडून पाहिले, आणि २०२३ च्या निकालात एकही सरस ठरला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गुडघ्यासाठी हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग करायचं काय? सोपं वाटतं, पण नेमकेपणाने केलं तरच लागू पडतं.

पहिली पायरी म्हणजे सूज मोजणं, आणि ती घरी बसून करता येते. पाय सरळ ठेवून पाठीवर झोपायचं, मांडी सैल सोडायची. वाटीच्या आतल्या बाजूला तळवा ठेवून खालून वर, मांडीच्या दिशेने, दोन-तीनदा हळू सारायचं. आतल्या बाजूला एक खळगा तयार होतो. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदाच हात फिरवायचा आणि त्या खळग्याकडे बघायचं. तो हलकेच भरून आला तर सांध्यात पाणी आहे. सांध्यात पाणी असताना मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतो, म्हणून अशा दिवशी कितीही बैठका मारल्या तरी ताकद वाढत नाही. आठवडाभर धावणं आणि उड्या बंद, सायकल आणि पोहणं चालू, व्यायामानंतर १५ मिनिटं बर्फ. पाणी ओसरलं की पुढे जायचं.

दुसरी पायरी दुखण्याचं माप. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना दोनपर्यंत निर्धास्त, पाचपर्यंत चालेल, पाचच्या वर गेलं तर वजन किंवा खोली कमी करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. आलं नसेल तर काल जास्त झालं. आपल्याकडे लोक एकतर जराही दुखलं की थांबतात, नाहीतर दात-ओठ खाऊन सात-आठपर्यंत रेटतात. दोन्हींत व्यायाम फुकट जातो.

पहिले दोन आठवडे भिंतीला पाठ लावून गुडघे साधारण ६० अंशांत वाकवून ३० ते ४५ सेकंद थांबणं, पाच वेळा. ४५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, दहाचे तीन फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, कारण खुब्याच्या बाजूचा स्नायू ढिला असला की गुडघा प्रत्येक पावलाला आत पडतो. आणि टाचा उचलणं, पंधराचे तीन फेरे. पोटरीला बहुतेक जण विसरतात, पण धावताना सर्वांत जास्त काम तीच करते. तिसऱ्या आठवड्यापासून वजन येतं: लेग प्रेस, मांडीच्या मागच्या स्नायूचं मशीन, पाठपिशवीत पाच किलो घालून बैठक. एका फेरीत ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. वजन असं हवं की शेवटच्या दोन वेळा कष्टाने निघाव्यात. वाटीमागे दुखत असेल तर बैठक ४५ अंशांपेक्षा खोल नको, आणि पाय सरळ करण्याच्या मशीनवर ९० ते ४५ अंशांएवढीच हालचाल, शेवटचा टप्पा सोडून द्यायचा. दर आठवड्याला वजन थोडं वाढलं पाहिजे. बाराव्या आठवड्यालाही तोच हलका पिवळा रबर बँड चालू असेल तर तो व्यायाम राहिला नाही, सवय झाली.

सातव्या आठवड्यानंतर एका पायावर. २० सेंटिमीटरच्या पायरीवर आरशासमोर उभं राहायचं, चांगला पाय पुढे हवेत, आणि दुखऱ्या पायावर हळूहळू खाली जात हवेतल्या पायाची टाच जमिनीला फक्त टेकवायची. मोजून तीन सेकंद. आता आरशात बघा. गुडघा अंगठ्याच्या आत झुकतो का? कमरेची एक बाजू खाली पडते का? धड बाजूला कलंडतं का? शेवटच्या टप्प्यात पाऊल धपकन आपटतं का? चारपैकी एकही दिसलं, तर पायरी १० सेंटिमीटरची करायची आणि आठवडाभर त्यावरच राहायचं. अशा दहा पायऱ्या स्वच्छ उतरता येत नाहीत, त्या माणसाने येऊरचा उतार पळत उतरू नये. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढताना तीनपटीहून थोडा जास्त आणि उतरताना साडेतीनपट. ट्रेकवरून आल्यावर गुडघा सुजतो तो उतरल्यामुळे. दोन काठ्या, छोटी पावलं आणि उतारावर न पळणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

धावायला परतायचं तर आधी तीन गोष्टी हव्यात: सांध्यात पाणी नाही, अर्धा तास झपझप चालल्यावर दुखणं दोनच्या वर जात नाही, आणि पायरीची चाचणी स्वच्छ. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा, दिवसाआड. आधी वेळ वाढवायची, मग वेग, चढ सर्वांत शेवटी, आणि एका आठवड्यात यांतली एकच गोष्ट. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर ती १६८ ते १७६ करावीत. पावलं आखूड होतात आणि गुडघ्यावरचा भार लक्षणीय घटतो. हा बदल फुकट आहे, तरी शंभरातले नव्वद जण आधी नवे बूट घेतात! सायकलस्वारांनी सीटची उंची बघावी. पेडल अगदी खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. सीट खाली असेल तर वाटीवर दाब येतो. टर्फ आणि बॅडमिंटनवाल्यांनी एकदम थांबून वळण्याच्या हालचाली आधी अर्ध्या वेगाने सरावाव्यात. ज्या कबड्डीपटूचा वीस वर्षांपूर्वी गुडघा वळला होता आणि ‘आपोआप बरा झाला’, त्याने एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध (लिगामेंट), शाबूत आहे की नाही हे तपासून घ्यावं. ती दुखापत झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत झीज दिसते.

औषधांमध्ये मलम आधी. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलचं एका वेळचं माप गुडघ्यासाठी ४ ग्रॅम आहे, दिवसातून तीन-चार वेळा. ३० ग्रॅमची ट्यूब यात दोन-अडीच दिवसांत संपते. आपल्याकडे तीच ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग ‘मलमाने काही होत नाही’ म्हणतात. शर्यतीच्या सकाळी पेनकिलर घेऊन उभं राहण्याची सवय मात्र धोक्याची आहे. दमट हवेत अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर थेट घाला घालतात, शिवाय गुडघ्याने द्यायचा इशाराच बंद होतो. रक्तदाब असलेल्यांनी एटोरिकॉक्सिबसारखी पेनकिलर डॉक्टरांना न विचारता घेऊच नये. वजनाचा हिशेब सरळ आहे: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. पन्नाशीतल्या स्त्रियांना मात्र एवढंच सांगून परत पाठवलं जातं, हे चुकीचं आहे. वजन कसं कमी करायचं आणि ताकद कशी वाढवायची, हे सांगितल्याशिवाय तो सल्ला सल्ला ठरत नाही.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, व्यायामाचा परिणाम अफाट नसतो. बरोबर. शंभर गुणांच्या मापावर दुखणं सरासरी दहा-बारा गुणांनी उतरतं. पण तेवढं मिळवताना ना पोट बिघडतं, ना गादी कापली जाते, आणि सोबत साखर, रक्तदाब, झोप सुधारते. समोरचा पर्याय, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, नाटकी शस्त्रक्रियेपेक्षा काकणभरही सरस ठरलेला नाही, हे विसरून चालणार नाही. दुसरा आक्षेप, ‘पेशंट व्यायाम करतच नाही’. हेही दिसतं. पण त्याला मिळतं काय? चार चित्रांची एक झेरॉक्स, किंवा दहा दिवस ‘करंट’ आणि शेक. पलंगावर झोपून मशीन लावून घेतल्याने मांडीत ताकद येत नाही. फिजिओथेरपी म्हणजे करंट, ही समजूत आपल्याच व्यवसायाने रुजवली आणि ती आपणच मोडायला हवी. तीन आठवड्यांनी दुखणं कमी झालं की माणूस येणं सोडतो, कारण ताकद यायला आठ ते बारा आठवडे लागतात हे त्याला पहिल्या दिवशी कोणी सांगितलेलं नसतं.

शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. पाय धनुकलीसारखा बाहेर वाकलेला, झीज फक्त आतल्या बाजूला, वय पन्नाशीच्या आसपास आणि खेळायचं आहे, अशा माणसासाठी नडगीचं हाड कापून भार बाहेरच्या बाजूला सरकवण्याची शस्त्रक्रिया फार चांगली आहे. तिच्याबद्दल बोललं कमी जातं. हाड जुळायला तीन ते सहा महिने लागतात आणि सिगारेट ओढणाऱ्याचं नीट जुळत नाही, पण सांधा स्वतःचा राहतो. सांधा बदलण्याची घाई पन्नाशीत नडते. ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासात ५० ते ५४ वयात गुडघा बदललेल्या पुरुषांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता निघाली, तर सत्तरीनंतर बदललेल्यांमध्ये ती ५ टक्क्यांच्या आसपास. गुडघा खरोखर संपला असेल, व्यायाम करूनही रात्रीची झोप जात असेल, तर बदलावा. कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची किंमत केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये ५४,७२० रुपयांवर बांधून दिली, तो निर्णय मोठा होता. त्याआधी त्याच गुडघ्याला दीड लाखाच्या वर मोजावे लागत. सरकारने ठरवलं तर गुडघ्याच्या अर्थकारणात हात घालता येतो, हे तेव्हा सिद्ध झालं.

आता व्यायामाच्या बाबतीत तेच हवं आहे, आणि इथेच घोडं पेंड खातं. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी दाखल झाल्यावर किंवा डे-केअर शस्त्रक्रियेलाच पैसे देतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मंजूर होते. तिच्यानंतर ठरावीक दिवसांची फिजिओथेरपीही अनेक पॉलिसींत मिळते. पण शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केलेल्या फिजिओथेरपीचा खर्च ओपीडीत मोडतो आणि खिशातून जातो. माणूस मग ज्याचे पैसे मिळतात तेच निवडणार. बारा देखरेखीच्या वर्गांचा खर्च मिळावा, आणि अपवादाची लक्षणं नसतील तर गादीची शस्त्रक्रिया मंजूर करताना हे वर्ग झाल्याचा दाखला मागावा, एवढा बदल विमा नियामकाने केला तरी वाट उलटायला सुरुवात होईल.

महापालिकांनी करायचं काम त्याहून सोपं आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून असा कार्यक्रम चालतो: दोन माहितीवर्ग, मग सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, एकूण बारा व्यायामवर्ग. आपल्याकडे जागा आहेत. महापालिकेच्या व्यायामशाळा, समाजमंदिरं, शाळांचे हॉल संध्याकाळी मोकळे असतात. माणसंही आहेत. नेरूळ आणि कामोठ्यात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, त्यांच्या इंटर्नना अनुभव हवा असतो. एका फिजिओने सोमवार-गुरुवार तीन तुकड्या आणि मंगळवार-शुक्रवार तीन, प्रत्येकी दहा जणांच्या, अशा घेतल्या तर सहा आठवड्यांत साठ जण होतात, आणि वर्षाला आठ फेऱ्यांत ४८०. सामान म्हणजे दहा बिनहाताच्या खुर्च्या, १० आणि २० सेंटिमीटरच्या लाकडी पायऱ्या, तीन ताकदींचे रबर बँड, घोट्याला बांधायची वजनं, चटया आणि एक मोठा आरसा. वेळ मात्र लोकलची पाहून ठरवावी. सीएसएमटीहून सात-साडेसातला उतरणारा माणूस सहाच्या वर्गाला येऊ शकत नाही. पहाटे सहा किंवा रात्री साडेआठ, आणि जागा स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ. ऑगस्टमधली ठाण्याची वर्षा मॅरेथॉन धरून मे महिन्यात एक तुकडी, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी ऑक्टोबरात एक, असं जोडलं तर खेळाडू स्वतःहून येतील.

नोंद ठेवल्याशिवाय मात्र यातलं काही टिकणार नाही. पहिल्या दिवशी, सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला दोनच मापं घ्यावीत: ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता आलं आणि ४० मीटर झपझप चालायला किती सेकंद लागले. सहा महिन्यांनी फोनवर एक प्रश्न, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया झाली का. महापालिकांची अंदाजपत्रकं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडली जातात. तेव्हा आरोग्य विभागाच्या हातात दोन तुकड्यांचे बारा आठवड्यांचे आकडे असायचे तर पहिला वर्ग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवा, आणि हॉलसाठीचं पत्र त्याआधी जुलैतच प्रभाग समितीकडे गेलेलं हवं.